सुई ज्याची त्याची

घंटा वाजली, फादरनी पवित्र भाकर दोन्ही हातांनी वर उचलली, चर्चमधली सगळी डोकी खाली गेली, आणि त्या शांततेत माझा उजवा गुडघा मला न विचारता उजवीकडं सरकला. शेजारी गुडघे टेकून बसलेल्या माणसाच्या मांडीला चांगला दणका बसला. त्यानं मान वळवून बघितलं. मी डोळे गच्च मिटून घेतले, जशी काही परमेश्वराशी माझी फार महत्त्वाची बोलणी चालली होती. पण आतून माझं धाबं दणाणलं. चामड्याच्या मशीनखाली उजव्या गुडघ्याशी एक पत्र्याची पट्टी असते. गुडघ्यानं ती बाजूला रेटली की सुईजवळचा दाबपाय वर उचलला जातो, माल फिरवता येतो. गुडघा सोडला की दाबपाय खाली, आणि टीप पुढं. दिवसातून किती हजार वेळा ते देवच जाणे, आणि अशी चौतीस वर्षं. काही वर उचललं जाताना दिसलं की गुडघा आपला मदतीला धावणारच. चार महिने झाले होते मशीन सुटून. सगळ्या मारिकिना गावाला ठाऊक झालं होतं की आमचा बुटांचा कारखाना बंद पडला. गुडघ्याला तेवढं कुणी कळवलं नव्हतं.

बंद पडायचाच होता. आदल्या साली नदी छपरापर्यंत आली, बाराच्या बारा मशिनं दोन दिवस गाळात होती. आम्ही बायकांनी ती धुतली, पुसली, तेल पाजलं, पण मालकाचा जीव त्यातून उठला तो उठलाच. जूनमध्ये त्यानं सगळ्यांना बोलावून एकेक पाकीट हातात दिलं. कुणी रडलं नाही. बारा जणी आपापल्या जागी गेलो आणि सुया काढल्या. आमच्याकडं सुई ज्याची त्याची. मशीन मालकाचं, दोरा मालकाचा, चामडं तर मालकाचंच, पण सुई शिवणारीची. मोडली तर तिनं आणायची. म्हणून रोज संध्याकाळी उठताना स्क्रू सैल करून सुई काढायची, डबीत टाकायची, डबी झग्याच्या खिशात. सकाळी परत लावायची. नाहीतर, रात्रपाळी असायची तेव्हा, तिथली बाई तुमच्या सुईवर तिचा माल मारून मोकळी. त्या दिवशी बारा स्क्रू सैल झाले, बारा सुया निघाल्या, आणि मशिनं दात पडलेल्या म्हाताऱ्यांसारखी ओळीनं बसून राहिली. माझी डबी आल्याच्या गोळ्यांची आहे. त्यानंतर चार महिने ती खिशात वाजत होती. भाजी घेताना वाजायची, पायऱ्या चढताना वाजायची. मी ती घरी ठेवून का येत नव्हते, ते मला सांगता येणार नाही.

प्रार्थना संपून बाहेर आले, तर तो माणूस दाराशीच उभा. उंचापुरा, पांढरे केस तेल लावून चापलेले, कागदातला पुतो, तांदळाचा वाफवलेला गोड केक, खात माझी वाट बघत होता. मी ओळखलं. बाजाराच्या तोंडाशी ट्रायसिकली, म्हणजे तीनचाकी रिक्षा, उभ्या असतात, त्यांच्या संघटनेचा हा पुढारी, दोमेंग. माझ्याहून पाचसहा वर्षांनी मोठा, म्हणून कुया दोमेंग, म्हणजे दोमेंगदादा.

"बाई, पायात वात आहे का तुमच्या?" त्यानं विचारलं.

"वात नाही. सवय आहे. चामड्याच्या मशीनवर होते मी. पाय उचलत होते."

"कुणाचा? माझा?"

मला हसू आलं, म्हणून तोही हसला. मग पुतोचा कागद घडी करकरून खिशात घालत तो सांगत बसला की पुरापासून त्याच्या एकवीस ट्रायसिकलींच्या सीटा फाटक्या आहेत, आतला स्पंज बाहेर आलाय, महिन्याभरात देवमातेच्या, आमच्या आईच्या उत्सवाची मिरवणूक, आणि पाहुण्यांना काय दोरीनं बांधलेल्या सीटांवर बसवायचं? लाल रेक्झीन आणून ठेवलंय, पण शिवणारं कुणी धड मिळत नाही. आणि बोलता बोलता एकदम विचारलं, घरी मशीन आहे का. "आहे," मी म्हटलं. उचलली जीभ लावली टाळ्याला. चर्चच्या पायरीवर उभं राहून, आई आतून बघत असताना. तो माझ्या गुडघ्याकडं जरा वेळ बघत राहिला. मग म्हणाला, शनिवारी सकाळी माझी सीट घेऊन येतो, आधी तुमचा हात बघू, मग बाकीच्या वीस.

घरी येऊन मी भाताचं आधण ठेवलं आणि ते आटून भांडं करपेपर्यंत तशीच बसून राहिले. खोटं बोलल्याचं दुःख नव्हतं. भीती वेगळीच होती. शनिवारच्या दुसऱ्याच दिवशी, रविवारी, माझा जावई गाडी घेऊन येणार होता. माझी लेक मारिविक काविटला असते. चार महिने रोज फोनवर तिचं एकच, नानाय, पुरे झालं आता, इथं खोली आहे, टीव्ही आहे, पोरं आहेत, पंखा तुझ्या एकटीचा. पोरगी मायेनं बोलते, म्हणून तर तिच्याशी भांडता येत नाही. मी हो म्हटलं होतं. खोली आणि पंखा म्हटल्यावर कुणी नाही म्हणावं? पण हो म्हटल्यापासून मला रात्री हात जड वाटायला लागले. हातांना काही धरायला नसलं की ते उशीच्या अभ्र्याची शिवण चाचपत बसतात, एखादा टाका सैल लागला की नखानं उसवत बसतात. दोन अभ्रे मी असे पार उकलून ठेवले होते. माझा नवरा, इस्को, तळ बसवणारा होता. बुटाचं वरचं अंग बायकांनी शिवायचं, तळ पुरुषांनी ठोकायचा, ही आमच्या गावची रीत. तो म्हणायचा, वरचं म्हणजे नुसती बायकांची बडबड, जमिनीवर उभं राहतं ते तळावर. मी म्हणायचे, मग घाल नुसते तळ पायात. पण लग्नाआधी तोच चारचौघींच्या मालातून माझा माल हातानं चाचपून ओळखायचा. टीप संपवताना मी तीन टाके उलटे घेते. बाकीच्या दोन घेतात. त्या तिसऱ्या टाक्यावर त्याचं लग्न ठरलं, असं तो दारू प्याला की सगळ्यांना सांगायचा. जाऊन सहा वर्षं झाली त्याला. काविटला त्या खोलीत, त्या पंख्याखाली, तिसरा टाका कुणाला दाखवणार होते मी? नातवंडांना? त्यांची शर्टं दुकानातून येतात. करपलेलं भांडं घासता घासता मी ठरवलं की शनिवारच्या आत मशीन आणायचं. स्वतःचं. चौतीस वर्षं दुसऱ्याच्या मशीनवर बसले होते, आणि हा विचार इतका साधा असून मला आधी कधी सुचला नव्हता, याचाच मला राग आला.

मालकानं दिलेलं पाकीट ब्लाऊजमध्ये खोचून सोमवारी निघाले. नवं मशीन तर सोडाच, जुन्यांचे भाव ऐकून पाकीट आतल्या आत आक्रसायला लागलं. चार दिवस गावातच फिरले. विकणारे सगळे एकाच शाळेतले. मशीनला हिरवा रंग फासायचा, चाक चकचकीत घासायचं, आणि मऊ रेक्झीनचे दोन पदर घेऊन बारीक दोऱ्यानं अशी काही सुसाट टीप मारून दाखवायची की बघणाऱ्याचे डोळे फिरावेत. दोन पदर तर माझी नात दातांनी शिवील. मी पिशवीतून माझा तुकडा काढायचे. चार पदर, मध्ये पाइपिंगची दोरी, म्हणजे सीटच्या कोपऱ्यात जो उंचवटा येतो तोच. त्यावर जाडा दोरा. तो बघितला की विकणाऱ्याचं तोंड उतरायचं. एका मशीननं उंचवट्यावर तीन टाके गाळले. दुसरं नुसतं घुमत उभं राहिलं. तिसऱ्याच्या पोटाशी मी नाक नेलं आणि तशीच मागं झाले. रंगाखाली आमच्या नदीचा वास होता. तो वास मी कुठंही ओळखीन, माझ्या कपाटाला अजून येतो. विकणारा शपथेवर सांगत होता की हे जपानहून आलंय. असेल बापडं, पोहत आलं असेल.

शुक्रवारी ताइताइ. तिथं अख्खं गाव कापड शिवतं. रविवारी पोरींनी घालायचे फ्रॉक, शाळेचे शर्ट, चड्ड्या. चामड्याशी त्यांचा संबंध कमरेच्या पट्ट्यापुरता. पण तिथल्या एका गोदामात बंद पडलेल्या कारखान्यांचा माल घाऊक येऊन पडतो असं जीपनीत, आमच्या भाड्याच्या गाडीत, एकीनं सांगितलं, म्हणून गेले. गोदामाचा मालक अर्विन, तिशीचा असेल, गळ्यात साखळी, हातात थंड सरबताची पिशवी. "या लोला," म्हणाला. मला आजी म्हणणारी दोन नातवंडं काविटला आहेत, तिसरं नको होतं. पण मी गिळलं. त्याच्या हाताखाली बोयेत नावाचा मेकॅनिक आणि आणखी दोघे. रंगवलेली मशिनं त्यांनी दाखवली, मी माझा तुकडा दाखवला, आणि एकेक मशीन उंचवट्याशी नापास होत गेलं. एक पास झालं. त्याचा भाव ऐकून मी खाली बसले. पाकिटात होतं त्याच्या तिप्पट. अर्विन चांगल्या शब्दांत म्हणाला की लोला, या वयात कशाला ही दगदग, घरी बसून जपमाळ ओढायची. त्या बोलण्यात खोट नव्हती. मारिविकही हेच म्हणत होती, आणि तिथल्या स्टुलावर बसल्या बसल्या मलाही क्षणभर वाटून गेलं की सगळे एकच सांगतायत तर मीच चुकत असेन. दुपार झाली होती. पत्र्याखाली उकडत होतं. मी खिशात रुमाल शोधायला हात घातला, डबी वाजली, आणि समोर, भिंतीशी, टेबलासकट उभं असलेलं एक काळं मशीन मला दिसलं. त्याच्यावर कागद चिकटवला होता, भंगार.

रंग दिला नव्हता त्याला, म्हणून आधी बरं वाटलं. मी उठून जवळ गेले. डावा तळवा टेकतो तिथला काळा रंग जाऊन खालचं लोखंड उजळ झालं होतं. माझा तळवा मी तिथं ठेवला, अगदी बरोबर बसला. दाबपाय दोन होते, एक माल पुढं टाकणारा आणि एक धरणारा, म्हणजे जाड मालासाठीच बनवलेलं. पोटाशी नाक नेलं. नुसतं जुनं तेल. मी विचारलं याचं काय झालंय. बोयेत म्हणाला मेलंय ते, टाकाच धरत नाही, सहा आठवडे आम्ही तिघांनी खोललं, शटल बदललं, परत बसवलं, सुई खाली जाते वर येते पण खालचा दोरा काही येत नाही, जातच वाईट आहे या मशीनची. नाचता येईना अंगण वाकडं. मी चाक हातानं फिरवलं. लोण्यासारखं फिरलं. परत फिरवलं, सावकाश, आणि वाकून बघत राहिले. सुई खाली गेली, वर निघाली, आणि वरच्या दोऱ्याचा फास पकडायला खालून शटलचं टोक आलं. आलं, आणि हवेतून निघून गेलं. दोऱ्याचा फास जिथं असायला हवा तिथं सुई नव्हतीच. ती आधीच वर. मी तिसऱ्यांदा फिरवलं. तेव्हा माझी नजर सुई धरणाऱ्या स्क्रूवर गेली. त्याची खाच झिजून गुळगुळीत झाली होती, कडा गोल. एकदा बसवून वर्षभर विसरून जातात, त्या स्क्रूची खाच अशी झिजत नाही. दिवसातून दोनदा, सकाळ-संध्याकाळ, वर्षानुवर्षं जो सैल केला जातो त्याची झिजते.

हे आमच्याकडचं मशीन होतं. माझ्या कारखान्यातलं नव्हे, ती बाराही मी ओळखते. पण मारिकिनातलंच, कुठल्यातरी गल्लीतलं, आणि त्याच्यावर बसणारी कुणीतरी शेवटच्या दिवशी माझ्यासारखीच उठली, सुई काढली, डबीत टाकली आणि घरी गेली. मशीन ताइताइला आलं ते बिनसुईचं. आणि ताइताइच्या पोरांनी काय केलं असेल? ड्रॉवर उघडला असेल, हाताला आली ती सुई लावली असेल. त्यांच्या ड्रॉवरमध्ये कापडाच्या सुयांशिवाय असणार काय? जाडीला दोन्ही सारख्या, भोकात दोन्ही बसतात, पण कापडाची सुई आखूड. चामड्याची तिच्याहून बोटाच्या नखाएवढी जास्त लांब. खालपर्यंत पोचतच नव्हती बिचारी. सहा आठवडे ते शटल खोलत होते, घड्याळासारखं घासत होते, पण सुईकडं कुणी बघितलं नाही, कारण जन्मात त्यांना दुसरी सुई माहीतच नव्हती. आणि मी? चार महिने काखेत कळसा घेऊन फिरत होते.

सांगून टाकावं का, असं मनात आलं. खोटं नाही बोलणार, आलंच मनात. रविवारचं एक पाप अंगावर होतंच. पण मग वाटलं, चौतीस वर्षांत मला कुणी काही फुकट सांगितलं होतं का? पहिल्या वर्षी सात सुया मोडल्या मी, सातही माझ्या पोटाला चिमटा काढून आणल्या. मी तोंड शिवून घेतलं आणि विचारलं, हे कसं देणार. अर्विन हसला. म्हणाला, लोला, होडीला नांगर हवाय का? मी म्हटलं, हवाय. त्यानं किलोचा भाव सांगितला, टेबल आणि मोटर वरून दिली, जागा मोकळी होते म्हणून. मी पाकीट काढलं. पाकिटात शिल्लक राहिली. मग त्यानंच पावतीवर ठळक लिहिलं की भंगार आहे, चालत नाही, परत घेतलं जाणार नाही, आणि माझी सही घेतली. अशी आनंदानं सही मी लग्नाच्या रजिस्टरवरही केली नव्हती.

पावती घडी करून ब्लाऊजमध्ये गेली आणि मग माझ्याच्यानं राहवेना. शहाणी बाई मशीन उचलून चालती झाली असती. मी स्टूल ओढलं आणि बसले. डबी काढली, स्क्रू सैल केला, ती आखूड सुई काढून टेबलावर ठेवली आणि माझी लावली. दोरा ओवला, जाडा. बोयेत म्हणाला, काय करताय लोला, मी म्हटलं, नांगर टाकतेय. मोटरचं बटण दाबलं. माझा चार पदरी तुकडा खाली सरकवला, आणि उजवा गुडघा उजवीकडं गेला, आणि या वेळी तिथं पट्टी होती. दाबपाय उचलला गेला. दाबपाय खाली आला. मी पावलानं पॅडल दाबलं आणि टका, टका, टका, टाके पडायला लागले, एकेक सारखा, घट्ट, वरचा आणि खालचा दोरा गळ्यात गळे घालून. उंचवटा आला. मी श्वास धरला. मशीननं धरला नाही. पहिला पाय चढला, दुसरा चढला, दोघं मिळून उंचवट्यावरून पलीकडं उतरले आणि एक टाका गळला नाही. शेवटी तीन टाके उलटे. अर्विनच्या सरबताच्या पिशवीतून सरबत त्याच्या चपलेवर गळत होतं. बोयेतनं तुकडा हातात घेतला, ओढून बघितला, मागून बघितला, मग टेबलावरची आखूड सुई मशीनमधल्या माझ्या सुईशेजारी धरली, आणि त्याच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. अर्विन माझ्या पावतीकडं, म्हणजे माझ्या ब्लाऊजकडं, बघू लागला आणि मग शरमून दुसरीकडं बघू लागला. एवढं मात्र सांगते, माणूस मोठ्या दिलाचा निघाला. मोठ्यानं हसला, स्वतःच्या कपाळावर हात मारून घेतला, आणि बोयेतला म्हणाला की उभा काय राहिलास, मेस्त्राचं मशीन जीपनीवर चढवून ये. मेस्त्रा, म्हणजे उस्तादबाई, म्हणाला मला. लोला नाही. मी डबीतली एक जास्तीची लांब सुई काढून बोयेतच्या हातावर ठेवली आणि सांगितलं, पुढच्या वेळी आधी सुई बघ, मग मशीनची जात काढ.

टेबलाचे पाय सोडवून त्यांनी सगळं जीपनीत चढवलं. चार माणसांची जागा अडली, मी चार माणसांचं भाडं दिलं. लोक पाय आखडून बसले, एकीनं तर तिची कोंबडीची टोपली त्याच्यावर ठेवायला काढली, मी असं बघितलं की तिनं ती परत मांडीवर घेतली. वाटभर माझा डावा तळवा त्या उजळ जागेवर होता. तिथं आधी जिचा हात होता ती कुठं असेल, लेकीकडं पंख्याखाली बसली असेल का, आणि तिची डबी अजून तिच्या खिशात वाजत असेल का, असं काहीबाही मनात येत होतं. वाईट वाटत होतं आणि गाणंही म्हणावंसं वाटत होतं, दोन्ही एकदमच.

शनिवारी सकाळी आठाच्या ठोक्याला कुया दोमेंग दारात. खांद्यावर सीट, काखेत लाल रेक्झीनची गुंडाळी. आत येऊन तो मशीनभोवती एक फेरी मारून आला, बाकावर बसला आणि मी शिवत असताना माझ्या हातांकडं न बघता माझ्या गुडघ्याकडं बघत बसला. चारही कोपरे झाले, पाइपिंग सरळ बसलं. त्यानं अंगठ्यानं शिवण चाचपली. तिसऱ्या उलट्या टाक्यावर अंगठा थांबला, निदान मला तरी तसं वाटलं.

"काल आणलंस ना हे?" तो म्हणाला.

मी म्हटलं, "कुणी सांगितलं?"

"कुणी कशाला सांगायला पाहिजे? माझी आई शिवायची. घरी मशीन असलेल्या बायका रात्रभर शिवतात आणि चर्चमध्ये झोपतात, लुमिंग. गुडघा तुझा एकटीचाच उडत होता."

"मग सीट कशाला आणलीत?"

"शनिवारपर्यंत तू काय करतेस ते बघायचं होतं," तो म्हणाला, आणि बाकीच्या वीस सीटा दुपारपासून पाठवतो असं सांगून नवी सीट डोक्यावर घेऊन निघाला. गल्लीच्या टोकापर्यंत तो लाल चौकोन दिसत होता. मी मारिविकला फोन लावला. ती म्हणाली, नानाय, सामान बांधलंस का, उद्या गाडी येतेय. मी म्हटलं, येऊ दे गाडी, पण येताना पोरांना बसवून आण, त्यांना आजीचं मशीन दाखवायचंय. तिनं विचारलं, कुणाचं मशीन? माझं, मी सांगितलं. तिनं परत विचारलं आणि मी परत सांगितलं, कारण मला तो शब्द पुन्हा म्हणायचा होता.

संध्याकाळपर्यंत पाच सीटा झाल्या. पाठ धरली, डोळे चुरचुरायला लागले, पोटात कावळे. मी मोटर बंद केली, रेक्झीनची कात्रणं झाडली, आणि उठता उठता माझा हात सवयीनं सुईच्या स्क्रूकडं गेला. दुसऱ्या हातात डबी उघडी होती. स्क्रू अर्धा वळला तेव्हा माझ्या लक्षात आलं. मी तो परत घट्ट पिळला, डबीचं झाकण लावलं आणि डबी फडताळात मिठाच्या बरणीमागं ठेवून दिली. मग भात टाकला. चुलीपाशी बसून मी मधूनमधून मागं वळून बघत होते. सुई मशीनमध्येच होती.